वेल्ड लाइन

दमानियांनी पिशवीतून काढून ओट्यावर ठेवला :
लाल ट्रक, चार जाड चाकं, पोट फाटलेलं.
'नातवाचा आहे,' म्हणाले.
मी विचारलंच नव्हतं.

स्क्रू सोळा. इडलीपात्राच्या खळग्यांत ठेवत गेले,
पुढचे पुढे, मागचे मागे.
मोटर उचलली, बॅटरी सोडवली,
उरली ती काळी चासी,
पुढच्या चाकापाशी तडकलेली,
आधी केसाएवढी, मग एकदम आ वासून.

'फेविक्विक लावलेला. तीन वेळा.'
दिसत होतंच, पांढरे पापुद्रे.
टाचणी तापवून कोपऱ्याला टेकवली, वास घेतला.
मेणबत्ती नाही, जळका केस.
नायलॉन आहे हो, म्हटलं,
हा गोंदाला जवळ करत नाही.

मरोळच्या शेडमध्ये एकवीस वर्षं
मशीनच्या दारातून गरम माल ओढलाय मी,
बादल्या, पंख्यांची पाती, मिक्सरचे तळ.
रस साच्यात शिरतो एका तोंडाने,
स्क्रूच्या भोकासाठी खुंटी असते
तिथे दुभंगतो,
वळसा घालून पलीकडे स्वतःलाच भेटतो,
पण तोवर जरा निवलेला.
भेट होते. मिसळणं राहून जातं.
वरून बोट फिरवा, गुळगुळीत.
तुटतं मात्र तिथेच.
कांबळी सुपरवायझर उजेडात धरून म्हणायचा, वेल्ड लाइन,
आणि तरीही खोक्यात भरायचा.

ही चीर त्याच रेघेवरून निघालेली.
म्हणजे ट्रक विकत घेतला तेव्हाच
थोडा तुटलेला होता.
हे दमानियांना सांगितलं नाही.

चिरेच्या टोकाला आधी भोक पाडलं, दीड मिलिमीटर.
'अरे, अजून एक होल?' ते दचकलेच.
चीर टोकदार असते तोवर धावते,
गोल जागेत आली की तिला पुढचं सुचत नाही.

मग स्टेपलरच्या पिना, सोल्डरिंगने तापवून
आडव्या रुतवल्या, सात.
वरून केबल बांधायच्या पट्ट्या वितळवून भरल्या,
त्याही नायलॉनच्याच,
वितळल्या की सख्ख्या होतात.
खिडकी सताड उघडी, तरी डोळे चुरचुरले.
दमानिया दोन्ही बाजू दाबून धरून बसलेले,
बोटं पांढरी पडली, सोडली नाहीत.

पहाटे साडेपाचला मी पंप बघायला गच्चीवर जाते.
तारदेवचे दिवे अजून चालू असतात.
टाकीआडून पाहिलंय मी :
सदऱ्यातले दमानिया, उकिडवे,
रिमोट छातीशी,
ट्रक टाकीभोवती गरगर,
आणि ते तोंडाने गिअर बदलतायत.
परवा तो पायरीवरून उडाला तेव्हा
'ओ मारा बाप' ऐकलं
आणि मी पंप न बघताच खाली आले.
त्यांच्या दाराबाहेर चपलांचा एकच जोड असतो.

कानशीने घासलं. सोळा स्क्रू परत बसवले.
(पंधरा. एक ओट्याखाली गेला, रात्री सापडला.)
चासी दोन हातांनी पिळून पाहिली,
करकरली नाही.
आता इथे तुटणार नाही, म्हटलं,
पुढच्या वेळी दुसरीकडे तुटेल.

'किती द्यायचे, ताई?'
काही नको. नातवाला एवढं सांगा,
टाकीच्या पायरीवरून उडवू नकोस म्हणावं.

ते ट्रक पिशवीत घालत होते, मान खाली.
'बहु तोफानी छोकरो,' म्हणाले,
'पण सांगतो मी त्याला.'