प्रकरण सातवं

डंडीत डिसेंबरात सूर्य पावणेनऊला येतो
आणि साडेतीनला, कुणी थांब म्हणायच्या आत, निघतो.
म्हणून आमचा सूर्य आम्ही कपाटात ठेवलाय :
झेनॉनचा दिवा, घरघरणारा पंखा, समोर गाळणीची काच.
दर चौरस सेंटिमीटरला शंभर मिलिवॉट
म्हणजे एक सूर्य.
वहीत मी तसंच लिहिते :
एक सूर्य, अकरा तास,
नमुना दोनशे चौदा, मेला.

सहा प्रकरणं झाली.
सातव्याचं नुसतं नाव आहे : पुढील संशोधनाच्या दिशा.
इशबेल रॅट्रे म्हणाल्या, दोन पानं पुरेत,
ती कुणी वाचत नाही.
आणि दारातून वळून :
पण खोटं लिहू नकोस.

अंगठ्याच्या नखाएवढं सिलिकॉन.
उजेड पडला की एक इलेक्ट्रॉन उठून जातो
आणि मागे राहते त्याची रिकामी जागा.
आम्ही तिलाही मोजतो, अधिकचं चिन्ह देऊन.
ती पाण्याकडे सरकते, पाण्याला फोडते.
दोघं वाटेत पुन्हा भेटले
तर हाती काही लागत नाही, नुसती ऊब.
त्यांना भेटू न देण्याचा पगार
मला साडेतीन वर्षं मिळाला.

मामा हुपरीत पैंजणांवर सोन्याचं पाणी चढवतात.
फोनवर विचारलं, तू कशावर काय चढवतेस?
म्हटलं, चढवते ते गंजू नये म्हणून. पाणी मी फोडते.
फुटून काय निघतं?
जाळता येईल असा वायू. जाळला की परत पाणी.
ते थोडं थांबले. मग हिशेब जमला की.
आणि टिकतं किती?
अकरा तास.
पलीकडे भट्टीजवळ कुणीतरी खोकलं.
आम्ही सहा महिन्यांची गॅरंटी देतो, म्हणाले,
आणि हसले नाहीत, हे माझ्यावर उपकार.

सूक्ष्मदर्शकाखाली दोनशे चौदा.
टिटॅनियम ऑक्साइडचा पापुद्रा, केसाच्या हजारपट पातळ,
डाव्या कडेला टाचणीच्या टोकाहून बारीक छिद्र.
आई एखाद्या लग्नाच्या बोलणीत म्हणते तसं
मी मोठ्याने म्हणाले : इथे पाणी मुरतंय.
शेजारच्या मुलाने मान वर केली. त्याला मराठी येत नाही,
पण चित्रात दिसत होतंच.

काच फुंकणारे एक डार्गी शुक्रवारी निवृत्त झाले.
(एक हे नाव आहे त्यांचं, आकडा नव्हे.)
सगळ्यांनी केक खाल्ला.
मग ते मला खाली घेऊन गेले, फडताळ उघडलं :
बारा नव्या कुप्या, क्वार्ट्झची खिडकी असलेल्या,
वर्तमानपत्रात गुंडाळलेल्या.
माझं काम तर संपलं, मी म्हणाले.
तुझ्यासाठी नाहीतच त्या, ते म्हणाले,
आणि फडताळाची किल्ली माझ्याकडे दिली.

रात्री टे नदीकडून वारा.
रेल्वेच्या पुलाशेजारी जुन्या, पडलेल्या पुलाचे बुंधे
अजून पाण्यात उभे आहेत,
कुणी ते काढले नाहीत.
गाडी त्यांच्या बाजूने दिवे लावून जाते.

मी लिहिलं :
छिद्र डाव्या कडेपासून सुरू होतं. कडा आधी बघा.
दिवा रात्री विझवून बघा, सूर्यही विझतो,
आम्ही ते साडेतीन वर्षांत एकदाही केलं नाही.
बुडबुडे पृष्ठभागाला चिकटतात, उजेड अडवतात;
हे आम्ही मोजलं नाही, नुसतं बोटाने टिचकी मारली.
कुप्या तळमजल्यावर, दुसरं फडताळ.

पानं दीडच झाली.

सकाळी दोनशे पंधरा दिव्याखाली ठेवला नाही.
दक्षिणेच्या खिडकीत ठेवला,
ढगातून येईल तेवढ्यावर.
मापक म्हणतो शून्य पूर्णांक शून्य चार सूर्य.
बराच वेळ काही नाही.
मग कडेला एक बुडबुडा, मोहरीएवढा,
धरून बसलेला.
टिचकी मारायला हात उचलला,
तो तसाच खिशात घातला.