दोन की तीन

दुकानदार म्हणाला, घर केवढं?
मी म्हणलं, तसं सरळ सांगता येत नाही.
त्यानं हळदीच्या पेढीच्या कॅलेंडरचं
गेल्या महिन्याचं पान फाडून दिलं. मागं कोरं.
मी चौकोन काढला, चौकोनाला चौकोन जोडला.
जिना कुठं वळतो तेच आठवेना,
रोज वीसदा चढते तरी.
मागच्या खोलीत अण्णा. तिथं रेंज शून्य.
तिथं फुली मारली, आणि बरं दिसेना,
म्हणून फुलीभोवती गोल काढला.

दोनचा सेट घ्या, बास होतंय, म्हणाला.
तीनचा अडीच हजारानं जास्त.
श्रेणिक फोनवर: दोन.
मी: तीन.
का, ते मला सांगता येईना.
म्हणलं, तीनवर स्कीम आहे.
स्कीम नव्हती.

फिटिंगचा पोरगा कवठेमहांकाळचा.
"मावशी, कपाटात नको, टीव्हीमागं नको,
टाकीच्या आडाला तर अजिबात नको.
पाणी सिग्नल खातंय."
श्रेणिक हसला. पाणी काय काय खातंय
ते सांगलीत येऊन सांगतोस होय रे?

हॉलच्या भिंतीवर ती रेघ अजून आहे.
तीनदा रंग दिला. वर येतेच.
माझ्या खांद्याला लागते.
पोरगा सॉकेट बघून
पहिला डबा कमरेच्या उंचीवर लावत होता.
आम्ही दोघं एकदम म्हणालो: वर.
वर म्हणजे कुठवर?
श्रेणिकनं रेघेवर तळहात टेकला,
त्याच्यावर एक वीत मोजली,
मग जरा थांबून आणखी एक.
वायर कमी पडली. पोरगा परत दुकानात जाऊन आला.

दुसरा अण्णांच्या दारावर.
दिवा लाल, मग नारिंगी, मग बराच वेळ नारिंगीच.
अण्णा म्हणाले, धूर झाला की वाजतं का हे?
दिवस मावळायच्या आत जेवण,
त्याच्याही आधी इचलकरंजीच्या आक्का आल्या
स्क्रीनवर, चेहरा कुठंच न अडकता.
भाऊबहीण बघत बसले. कोणीच बोलेना.
अडकलंय असं वाटून अण्णांनी काचेवर टकटक केली.
"आहे की रे मी," आक्का म्हणाल्या,
"बघतेय नुसती."

तिसरा मी जिन्याच्या वरच्या टोकाला लावायला सांगितला,
गच्चीच्या दाराशी.
इथं कशाला मावशी, इथं कोण बसतंय?
म्हणलं, कपडे वाळत घालताना भजनं ऐकते.

दाराला लागून भिंत.
वाटण्या झाल्या तेव्हा चार इंची ठरली होती,
भाऊजींनी नऊ इंची घातली.
पुरात ती नव्हती.
पाच दिवस या गच्चीवर अकरा माणसं, एक स्टोव्ह,
आणि चार्जिंग उरलेला एकच फोन,
तोही भाऊजींचा.
होडीवाल्याशी बोलून झालं की ते बंद करून
खिशात ठेवायचे, वरून हात.

आता पलीकडं सन्मती. बारावीला.
भिंतीला पाठ लावून अभ्यासाला बसते,
खोकल्यावरून कळतं.
चादर झटकता झटकता मी पासवर्ड म्हणला,
स्वतःशीच म्हणल्यासारखा, पण अक्षर अक्षर सुटं,
आकडे दोनदा.
पलीकडं पान उलटायचं थांबलं.
मी चिमटे मोजत खाली आले.

रात्री श्रेणिक मोबाइलवर यादी बघत होता.
आपली सहा आहेत. हे सातवं कुणाचं?
टीव्ही असेल, म्हणलं.
टीव्ही यादीत तिसरा होता.
सातव्यापुढं एकच कांडी, ती पण जाणारी येणारी,
आणि खाली दोन बटणं: बंद करा, नाव द्या.
तो बराच वेळ अंगठा वर धरून बसला.
मग फोन उशाशी पालथा घातला, दिवा मालवला.

सकाळी दूध तापवताना मी बघितलं.
नाव घातलं होतं.
सनमती,
अर्धा न पूर्ण काढून.