जुनं करून द्या

कर्णिक मॅडमनी एक फोटो दिला होता,
कॅलेंडरातून कापलेला.
मागच्या बाजूला कुणीतरी दुधाचा हिशेब मांडलेला.
इटलीतलं कुठलंसं डोंगरावरचं गाव:
घंटेचा मनोरा, कारंजं, वेशीवर सिंह,
एका खिडकीत वाळत घातलेली लाल चादर.
"हे असं हवंय. उलव्यात.
आणि घरत, नवं दिसता कामा नये."

माझा धंदाच तो. लोक रंगारी म्हणतात,
पण मी जुनं करणारा.
पनवेलजवळच्या एका ढाब्याला
तीन आठवड्यांत दीडशे वर्षांचं केलंय.
चहाचं पाणी, काजळी, जरासा मोरचूद,
ओल्या गोणपाटाचा एक हात,
आणि जिथून पाणी ओघळलं असतं
तिथे ताकात शेवाळ घोटून लावायचं.
आठ दिवसांत धरतं.

सिंहाचं नाक आधी नीट घडवलं.
इस्तियाकनं दोन दिवस घासलं, नाकपुड्यांसकट.
मग मॅडम फोटो बघून म्हणाल्या, "याला नाक नाहीये."
इस्तियाक हातोडी घेऊन बराच वेळ उभा.
शेवटी मीच फोडलं.

भेगा काढणं सोपं नसतं.
नवशिका वीज काढतो, आकाशातली, नागमोडी.
भेग तशी जात नाही.
ती अडते, विटेला वळसा घालते, दमते, बारीक होते
आणि कुठेतरी कारण न सांगता थांबते.
मनोऱ्यावर मी सतरा काढल्या.
सतरावी जरा जास्तच चांगली आली.
त्या दिवशी जेवायला उशीर झाला होता.

खाली पूर्वी खाजण. आमचं नव्हे, गव्हाणच्या भावकीचं,
पण तिथल्या चिखलात मी निवट्या धरल्यात.
कारंजं आहे तिथे उघाडी होती.
भरतीला फळी खाली, ओहोटीला वर,
हे काम ज्याचं, तो चांगूकाका
पायलिंग चालू असताना एकदा येऊन गेला.
म्हणाला, "ही माती निजलेली नाय रं,
कूस बदलते ती."
आम्ही त्याला चहा पाजला.
मनोऱ्यावर चढवायची घंटा फायबरची होती, जमिनीवर ठेवलेली.
ती त्यानं टिचकीनं वाजवून पाहिली
आणि दुसऱ्यांदा वाजवली नाही.

चार वर्षांनी नंबियार साहेबांचा फोन.
"घरत, तुमच्या भेगा वाढल्यात."
म्हटलं, साहेब, रंगवलेली भेग वाढत नाही.
"या आणि बघा."

गेलो. शिडी लावली.
खाली सोसायटीची माणसं माना वर करून,
एक मुलगा सायकलवरून गोल गोल.
चष्मा पुसून एकेक तपासत गेलो.
ही माझी. हीही माझी. ही
नखानं खरवडली तर नख आत गेलं.

कारंज्याच्या कठड्यापासून निघालेली,
कमानीखालून,
बिननाकाच्या सिंहाच्या पंजाला वळसा घालून
मनोऱ्यावर चढलेली, अडत, दमत,
अगदी मी शिकवल्यासारखी.
आणि माझ्या सतराव्या भेगेपाशी येऊन
तिच्यातच शिरलेली,
जसं ओहोटीचं पाणी
कुणीतरी खणून ठेवलेल्या चरात शिरतं.
पुढचा रस्ता मी तिला आधीच काढून दिला होता.

किती वेळ शिडीवर होतो कोण जाणे.
समोर सातव्या मजल्यावर
कुणीतरी लाल चादर वाळत टाकलेली.
ती मॅडमनी सांगितलेली नव्हती.

खालून नंबियार साहेब, हातात वही:
"गुरुवारी इंजिनिअर येतोय. दोघांचे फ्लॅट विकायला आहेत.
आधी एवढं सांगा,
यातल्या तुमच्या किती?"

इस्तियाकनं शिडी घट्ट धरली होती.
मी भेगेवरचं बोट काढलं नाही.
वरूनच ओरडलो,
"सोळा."