बिजागरीची खूण

बातुमीच्या बाजारात, गाड्यांच्या जुन्या आरशांशेजारी
मेराबीने तीन दुर्बिणी मांडल्या होत्या.
मला मोजणीचं काम लागलं होतं:
ऑगस्ट सरता सरता डोंगरावर बसायचं
आणि उत्तरेकडून येणारे मधुबाज
काळ्या समुद्राच्या कडेने दक्षिणेला सोडायचे.
सोडायचे म्हणजे वहीत लिहायचे.
ते आपले जातातच.

वडील सोबत आले. बोलावलं नव्हतं.
आमच्या गावात ससाणे धरणारे
आता दोनच उरलेत, त्यातले एक हे अस्लान.
काठीला खाटीक पक्षी बांधून
जाळ्यामागे, नेच्याच्या आडोशाला दिवस दिवस बसलेले,
छातीच्या हाडावरून बोट फिरवून
हे पाखरू लाव्यांवर झेपावेल की नाही ते सांगणारे.
दुर्बिणीला उभ्या जन्मात डोळा लावला नव्हता.

मेराबी म्हणाला, दहा पटीची घ्या,
जास्त ते जास्तच.
वडिलांनी ती तोलली, मला दिली, माझी मनगटं बघत राहिले.
दुसरी सोव्हिएत काळातली, खलबत्त्यासारखी जड,
तिच्यातून जग दिसायचं पातळ चहातून बघावं तसं.
ती त्यांनी कानाशी नेऊन हलवली,
आत काहीतरी सुटलेलं खुळखुळलं.
मग नाकाशी नेली.
"बुरशी," म्हणाले, "तळघरातली."

तिसरी आठ पटीची, बेचाळीस मिलिमीटर, रबरी अंगाची,
किंमत माझ्या दोन पगारांची.
"बंदरातल्या जहाजाचं नाव वाचा की!" मेराबी म्हणाला.
वाचलं. तीनही दुर्बिणींतून वाचता आलं.
वडील म्हणाले,
"दुपारी सगळ्याच काचा शहाण्या असतात.
आम्ही दिवेलागणीला येतो."

तोवर धक्क्यावर बसून सूर्यफुलाच्या बिया सोलल्या.
बोललो फार नाही.

उजेड राखेइतका उरला तेव्हा परत गेलो.
दहा पटीत माझा श्वासच दिसत होता,
ठोक्यागणिक डोलकाठी थरथरत होती.
आठ पटीत गोदीच्या पत्र्यावर कावळा,
पाठीचा करडा आणि पंखाचा काळा
जिथे मिळतात ती शिवणसुद्धा.
पैसे माझे, घासाघीस त्यांची.
ती त्यांना कधीच जमली नाही.

घरी बिजागरी मिटत मिटत आणली,
दोन वर्तुळांचं एक झालं,
तिथे नखाला लावायच्या रंगाचा लाल ठिपका दिला.
पहिल्या दिवशी आभाळात चहाची पत्ती सांडावी तसे पक्षी,
शेजारी बेका बोटांनी शंभर मोजतोय,
मी काच पुसायलाही विसरले.

तिसऱ्या सकाळी डोळ्याला लावली
तर दोन आभाळं, मध्ये काळी भिंत.
बिजागरी ताणून उघडलेली,
उजव्या डोळ्याची कडी पार टोकाला फिरवलेली.
पिशवीत दाब पडला असेल म्हटलं.
चौथ्या सकाळी तेच. पाचव्या सकाळी तेच,
शिवाय पट्ट्यात नेच्याचं एक सुकं पान.

आमच्या घरात इतक्या रुंद चेहऱ्याचं एकच माणूस.

मी काही बोलले नाही.
फक्त रात्री ती कपाटाऐवजी खिडकीत ठेवायला लागले,
झाकणं काढून.

आज लाल ठिपक्यापासून जवभर अंतरावर
चाकूच्या टोकाने ओढलेली एक रेघ.
नव्याकोऱ्या वस्तूवर ओरखडा! ओरडणार होते.
मग बिजागरी त्या रेघेवर आणून पाहिली.
पुन्हा दोन आभाळं, पुन्हा भिंत.
म्हणजे त्यांना इथे एकच दिसतं.

अंगणात ते कोंबड्यांना मका टाकत होते,
माझ्याकडे पाठ करून, जरा जास्तच वेळ.

मी बिजागरी ठिपक्यावर आणली आणि डोंगर चढले.
अकरा वाजेपर्यंत चार हजार तीनशे.