दवबिंदू नऊ

थंडी आज मी म्हणते आहे.
सोनेगावच्या हँगरमागे रस्ता वळतो तिथे
रोज एक कडुलिंब असतो. आज नाही.
टॉवरकडून आकडे आले :
दृश्यता सहाशे मीटर, तापमान नऊ, दवबिंदू नऊ.
दोन नऊ एकमेकांना भेटले
की तिसऱ्याचं काही चालत नाही.

मोठ्या विमानांना यंत्रं वाट दाखवतात.
आमच्या दोन सीटवालीला वैमानिकाचे डोळेच,
आणि त्या डोळ्यांना पाच हजार मीटर लागतात.

पोट्टे बसलेत माझ्या शेगडीभोवती,
खांद्यावर पट्ट्या, कानाला मफलर,
तेलाच्या पालथ्या डब्यावर पोह्यांचा कागद.
मृणाल डोंगरवार तेवढी दाराशी उभी.
एकशे ब्याऐंशी तास झाले, अठरा उरलेत,
बँकेचा हप्ता पाच तारखेला,
धुकं असो नसो.
"काका, हे उठन कधी?"
"उठन बाप्पा. त्याले काय घर नाही?"

मी पंखावरचं दव पुसतो. पुन्हा धरतं. पुन्हा पुसतो.
मागून कोणी तरी म्हणतं,
बरं आहे, आपल्याकडे बर्फ तरी पडत नाही.
मग मला फडकं खाली ठेवावं लागतं.

पडतो, बाळा. आत पडतो.
कार्ब्युरेटरच्या घशात, जिथे हवेची वाट अरुंद होते
आणि पेट्रोल उडता उडता तिची ऊब काढून नेतं.
बाहेर पंधरा अंश, लख्ख ऊन,
आत पांढरी साय धरते.
इंजिन ओरडत नाही.
रुसलेल्या माणसासारखं
थोडं थोडं कमी बोलायला लागतं.

सत्त्याण्णवच्या जानेवारीत
टेंभरे सर असेच उतरले, हिंगण्याच्या पुढे, हरभऱ्यात.
विमानाचं नाक मोडलं, सरांचं मनगट.
आम्ही जीपनं पोचलो तोवर दुपार झालेली.
मी तेव्हा हेल्पर, पाने-पकड देणारा.
झाकण काढलं, घशात बोट घातलं.
ओलं लागलं.
एवढंच.
ऊन वर आलं होतं. पुरावा पाणी होऊन गेला होता.

चौकशीवाले आले चौथ्या दिवशी.
इंजिनात दोष नाही, असं लिहिलं,
उरलं ते सगळं वैमानिकाच्या नावावर.
मला कोणी विचारलं नाही.
मीही माझं बोट कोणाला दाखवलं नाही.

पुढे सर धंतोलीत मोटार चालवायला शिकवायचे.
एकदा सिग्नलला दिसले,
शिकाऊ बाईंची गाडी बंद पडलेली,
मागचे सगळे हॉर्न मारत होते
आणि सर शांतपणे सांगत होते, घाई नको, पुन्हा लावा.
मी मान खाली घालून सायकल काढली.

साडेअकराला कडुलिंब आला.
आधी बुंधा, मग एक फांदी, तिच्यावर कावळा.
बाराला टॉवर म्हणाला, पाच हजार.
शेगडीपाशी एकटी चप्पल उरली, कुणाची कोण जाणे.

मृणाल पायरीवर पाय ठेवते.
मी म्हणतो, ती कार्ब हीटची मूठ.
ती म्हणते, माहीत आहे काका, तीनदा सांगितलं.
मी चौथ्यांदा सांगतो :
ओढलीस की इंजिन आधी खोकेल, भिऊ नको,
पाणी गिळतंय ते. खोकू दे.
घाबरून मूठ परत ढकलू नको.

ती गेली धावपट्टीच्या टोकाला.
इथून दिसत नाही फारसं, मोतीबिंदू पिकतोय माझा,
माझी दृश्यता कोणी मोजत नाही.
पण कान आहेत.
उड्डाणाआधी थांबून तिनं मूठ ओढली असणार,
आवाज जरा खाली बसला,
एकदा खोकला,
दोनदा,

आणि मोकळा झाला.

मी उजव्या हाताचं बोट
पँटला पुसलं.
कोरडंच होतं.