पोस्टर क्रमांक सतरा

परभणीच्या माहिती कार्यालयात, कपाटामागं,
सुतळीनं बांधलेला गठ्ठा. साल बहात्तर.
सतरा नंबरवर बाई हसतेय. डोक्यावर घमेलं,
त्यात मुरूम नाही, गव्हाच्या ओंब्या.
खाली : ‘हाताला काम, घरात धान्य.’

मी टिपणं काढते. बैल खिलार,
इकडचे तर लालकंधारी. काष्टा उलटा.
ऊन एवढं पिवळं, पण सावली कुणालाच नाही.

मकदूमभाई, तेव्हाचे शिपाई, बशीतला चहा फुंकत म्हणाले,
चित्र काय बघता, पाठ बघा.
पाठीवर ओरखडे. बारीक, चार-चार.

खळ पिठाची असायची, बाई. मोरचूद घालून शिजवायची,
किडा लागू नये म्हणून.
जिंतूर नाक्यावर रात्री चिकटवायचो,
सकाळी भिंत मोकळी, कागद खाली.
साहेबांचा शेरा : विरोधकांचे कृत्य, चौकशी व्हावी.
चौकशी माझ्याकडंच. तिसऱ्या रात्री पाहिलं,
आठ-नऊ वर्षांची पोरगी
नखानं पाठ खरवडून बोट चाटत होती.

मग?

मग मोरचूद टाकायचं सोडलं.
पीठ थोडं जास्त घातलं.
अहवालात लिहिलं, पोस्टर जनतेपर्यंत पोचलं.

मी बैलांची ओळ खोडली.
काष्ट्याची राहू दिली.