दिसलं / वाटलं

शनिवार. पूर्ण ओहोटी सव्वाआठला.
सुलैबिखातच्या किनाऱ्यावर अकरा मुलं, दोन दुर्बिणी,
एक टोपी जास्तीची, कारण कुणीतरी विसरतंच.
लांबवर वीजकेंद्राची धुराडी, पुढे चिखल.
त्या चिखलात काहीच नाही,
असं पहिली पाच मिनिटं वाटतं.

मी म्हणते, बसा. सावली हलवू नका.
तिनं आपल्याला कधीच बघितलंय,
म्हणून ती बिळात आहे.
आता आपल्याला विसरायचं काम तिचं.

शौनकच्या बुटात खडा. कुणाला तहान.
कुवेतचं एप्रिलचं ऊन मानेवर चढत जातं.
मग चिखलालाच डोळे फुटतात,
दोन वाटाणे टाळूवर उगवल्यासारखे,
आणि त्यांच्यामागून ओलं, निळ्या ठिपक्यांचं अंग.
"बेडूक!" "मासा!" "मासा चालतोय, बाई!"
नाझनीन परकार तेवढी शांत :
"निवटी आहे ती. आमच्या दाभोळच्या खाडीत असते.
मामू कालवण करतो, कोकम घालून."
दहा माना तिच्याकडे वळल्या.
निवटी परत आत.

वहीत दोन रकाने आहेत.
डावीकडे 'दिसलं', ते पेनानं.
उजवीकडे 'वाटलं', ते पेन्सिलीनं,
खोडावं लागतं म्हणून.

इंद्रनीलनं डावीकडे लिहिलं : निवटी रागावली.
राग कुठे दिसला? बोट ठेव.
तो बघत बसला. बराच वेळ.
मग काट मारून खाली लिहिलं :
'दुसरी आली. हिनं पाठीवरचा पर उभा केला, तोंड उघडलं.
दोघी वीतभर लांब थांबल्या. दुसरी मागे गेली.'
हं. आता हवा तर राग लिही. पेन्सिलीनं.

ती मान हलवते डावीकडे, उजवीकडे, डावीकडे,
पण नको म्हणत नाही.
चिखलावरचा शेवाळाचा पापुद्रा खरवडून खाते.
कुशीवर लोळते ते लाडात येऊन नाही,
कातडीनंही श्वास घेते, आणि कातडी वाळून चालत नाही.
डोळा खळग्यात ओढते, ओला करते, वर काढते.
यावर अकराही जणांनी
आपापले डोळे मिटून-उघडून बघितले.

"बाई, या रेघा कसल्या?"
बांध. तोंडानं एकेक घास चिखल आणून घातलेले,
बोटभर उंच, पाचकोनी, शेजारणीच्या बांधाला लागून.
आत ओहोटीतही पाणी थांबतं.
"म्हणजे बांध कोरतात पण?" मल्हारनं विचारलं.
"आमच्या गावी दोन्ही काका..."
ते कुठल्या रकान्यात, मी विचारलं.
तो विचारात पडला. मीही.

मग एक बगळा आला, कुणाला न विचारता.
मृण्मयी ओरडली, हाकला त्याला!
कुणी हललं नाही. बगळाही नाही.
त्याची मान एकदाच सरळ झाली.
परतताना बसमध्ये तिनं वही दाखवली :
'८:५२ बगळा आला. ८:५४ बगळा गेला.
कोपऱ्यातल्या घरात आता पाणी आहे फक्त.'
उजवा रकाना गच्च भरलेला,
समासातसुद्धा.

घरचा अभ्यास : कुठलाही प्राणी, दहा मिनिटं.
मांजरं आली, पाली आल्या,
लिफ्टमधलं एक झुरळ आलं.
ओजस आवळसकर कधीच बोलत नाही.
त्याच्या वहीत, पेनानं :

'आई. रात्रपाळीहून सव्वासातला आली.
बूट दारात काढले. खुर्चीवर बसली.
पर्स खांद्यावरच.
बाटलीचं झाकण उघडलं. पाणी प्यायली नाही.
झाकण लावलं.
चार मिनिटं भिंतीकडे तोंड. भिंतीवर काही नाही.
मग मला बघितलं.
म्हणाली, दात घासलेस का.'

शेजारचा रकाना रिकामा.
रिकामा नाही, खोडलेला. इतक्यांदा
की कागद पातळ झालाय.
मी तो खिडकीशी धरून बघितला.
पलीकडची पार्किंगमधली गाडी दिसली,
अक्षर एकही लागलं नाही.